नाव आमचं, अर्ज एजंटाचा

मामांचे सोलापुरात अशोक चौकात टॉवेलचे यंत्रमाग आहेत. कुठल्या मागावर किती माल निघाला, हे वहीऐवजी मोबाईलवर लिहिता यावं म्हणून मी हौसेनं एक ॲप केलं. नाव ठेवलं ‘धोटा’, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन. विकायचा विचारही नव्हता.

ओळखीतून एक एजंट भेटला. "उद्या पुण्यातल्या कुणी हे नाव उचललं तर काय करणार वो सर?" डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि ट्रेडमार्क (नावाची सरकारी नोंदणी) मिळून त्यानं 18,000 रुपये रोख घेतले. महिन्याभरात लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र हातात. सोनेरी शिक्का, नावापुढे गोलातला ‘आर’, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण. मामांनी ते ऑफिसात लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावलं.

पुढे सर्व्हर बदलायला डोमेनचं लॉगिन मागितलं, तर म्हणे दरवर्षी 6,000 भरा, लॉगिन मिळणार नाही. डोमेन त्याच्याच ईमेलवर घेतलेलं. मग प्रमाणपत्रावरचा नंबर ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी साइटवर टाकला (हे फुकट बघता येतं). तो नुसता अर्जाचा नंबर निघाला. स्थिती ‘ऑब्जेक्टेड’, म्हणजे तपासणीत हरकत निघालेली, अर्जदार खुद्द एजंट, आणि वर्ग 24, म्हणजे कापड, चादरी, टॉवेल! सॉफ्टवेअरचा वर्ग 9. सोलापुरात धोटा म्हटल्यावर त्याला दुसरं काय सुचणार म्हणा.

एका व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. तपासणी होते, नाव सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं, विरोधासाठी चार महिने जातात, मग नोंदणी. महिन्याभरात प्रमाणपत्र आणून देणारा खोटंच बोलतोय. शिवाय नोंदणी नसताना तो ‘आर’ लावणं 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 107 खाली बेकायदा आहे; पूर्वी त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, आता आर्थिक दंड होतो. एजंटाच्या सांगण्यावरून हा ‘आर’ आमच्या ॲपवर झळकत होता. त्याच रात्री काढला.

खरं तर हौसेच्या ॲपला एवढ्या लवाजम्याची गरजच नसते. ते नाव आधी कुणाचं आहे का ते शोधायचं आणि डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डानं घ्यायचं. डॉट इन साधारण वर्षाला हजाराच्या आत मिळतं.

पोलिसांत तक्रार दिली आहे, पण रोख पैशांची पावती नाही. एजंट आता ‘ट्रान्सफर फी’ मागतोय. त्याचा अर्ज जर्नलमध्ये आला, तर विरोध नोंदवायची मुदत चुकू नये म्हणून मामेभाऊ दर सोमवारी तो नंबर टाकून बघतो.