झिरो फॉरेक्स कार्ड घेतलं खरं, पण ‘रुपयात भरा’ला सांभाळा

झिरो फॉरेक्स कार्ड म्हणजे परकीय चलनातल्या खरेदीवर बँक वेगळी फी लावत नाही असं कार्ड. त्याचे फायदे-तोटे सगळीकडे लिहिलेले आहेत, ते परत उगाळत नाही. मी घेतलं जपानहून फाउंटन पेनच्या निब आणि शाई मागवायला. जुन्या कार्डावर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खरेदीवरची बँकेची फी, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के जायचे. डॉलर ८५ रुपये धरला तर शंभर डॉलरच्या वस्तूमागे ३५१ रुपये. तेही स्टेटमेंटमध्ये दुकानाच्या नावासमोर नाहीत. खाली कुठेतरी फीची एक ओळ, जीएसटीची एक. कुठली कशाची, जुळवत बसा.

नव्या कार्डावर त्या ओळी गेल्या. व्हिसा या कार्ड कंपनीच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे, त्यात बँकेची फी शून्य टाकून दर ताडून पाहिला. किरकोळ फरक, आणि तोही खरेदीच्या दिवसाऐवजी व्यवहार पुढे सरकला त्या दिवसाचा दर लागतो म्हणून. भेटेल त्याला हेच कार्ड घे म्हणून सांगत सुटलो होतो.

मग एका स्टेटमेंटात फीची ओळ पुन्हा उगवली. एक टक्का अधिक जीएसटी. फोन केला तर पलीकडून थंडपणे उत्तर, ‘सर, व्यवहार रुपयात झालाय आणि दुकान परदेशातलं आहे. झिरो मार्कअप फक्त परकीय चलनाला.’ म्हणजे परदेशी चलनात घेतलं तर फुकट आणि आपल्याच रुपयात दिले तर दंड!

आणि रुपये मी निवडलेच नव्हते. त्या दुकानाच्या पेमेंट पानावर येन दिसत असतात. पत्त्यात आपला पिनकोड टाकला की बेरीज गपकन रुपयात बदलते आणि ‘रुपयात भरा’वर आधीच टिक. येनचा पर्याय खाली, फिकट अक्षरात. तो रुपयाचा आकडा दुकानाचा पेमेंटवाला स्वतःच्या दराने काढतो. मी ताडला तेव्हा व्हिसापेक्षा पाच टक्क्यांनी महाग होता. वर बँकेचा एक टक्का वेगळा. त्यापेक्षा जुनं कार्ड येनमध्ये चालवलं असतं तर स्वस्त पडलं असतं! आता ओटीपी टाकण्याआधी त्या मेसेजमधलं चलन वाचतो. तिथे रुपये दिसले की मागे फिरायचं.

वस्तू परत केली तर रिफंड त्या दिवशीच्या दराने येतो. येन तोवर घसरला असेल तर नशीब आपलं, त्यात कार्ड काही करू शकत नाही.

वार्षिक फी ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. ४.१३ टक्के वाचतात असं धरलं तर वर्षाला साधारण १४,३०० रुपयांच्या वर परदेशी खरेदी असेल तरच हे कार्ड परवडतं. माझी शाईच तेवढ्याची होते, तेव्हा ठेवतोय. पण काही सबस्क्रिप्शन्सचे भाव रुपयातच असतात आणि कंपनी बाहेरची. तिथे तो एक टक्का दर महिन्याला बसतो. त्यावर ही फी न लावणारं कार्ड कुणी वापरत असाल तर नाव कळवा.