चेक परत आला: १३८ करायची की दिवाणी दावा?

हातउसने दिलेले चार लाख, परतफेडीचा चेक आणि बँकेने हातात ठेवलेला 'फंड्स इन्सफिशियंट'चा मेमो. एवढं घेऊन माणूस आमच्या ऑफिसात येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "वकीलसाहेब, पोलिसात देऊ का?" नका देऊ. नुसता चेक वटला नाही म्हणून पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत, ती तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करायची असते. तुमच्यापुढे खरे रस्ते दोन. एक, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ ची फौजदारी तक्रार. दुसरा, दिवाणी कोर्टातला समरी सूट, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा वसुलीचा झटपट दावा.

१३८ चा सगळा खेळ तारखांचा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात तक्रार दाखल. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण दाखवून माफ करून घेता येतो, नोटिशीचा नाही. मागे एक गृहस्थ चौतिसाव्या दिवशी आले. चेक चार घड्या घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर मेमो स्टेपल केलेला. नशीब एवढंच, की चेकच्या तीन महिन्यांच्या मुदतीतले अकरा दिवस उरले होते. तोच चेक पुन्हा बँकेत भरायला लावला, नवा मेमो आला आणि ३० दिवस नव्याने सुरू झाले. नोटिशीत आकडाही चेकचाच हवा. व्याज, खर्च मागायचाच असेल तर वेगळा दाखवा. नोटिशीत वेगळीच रक्कम पडली, तर ती टायपिंगची चूक होती असं सांगूनही भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

बदल्यात १३८ देते भरपूर. चेकवरची सही कबूल झाली की देणं होतं असं कायदा गृहीत धरतो, आणि ते खोडायची जबाबदारी आरोपीवर येते. रोखीने दिले होते म्हणून घाबरणारे बरेच भेटतात. गोव्यातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की वीस हजारांवरची रक्कम रोखीने दिल्यामुळे देणं बुडत नाही; आयकर कायद्याखाली काय व्हायचं ते वेगळं होईल. मात्र उलटतपासणीत "एवढे पैसे तुमच्याकडे आले कुठून?" हा प्रश्न येणारच, तेव्हा पासबुक तयार ठेवा. आणखी एक सोय म्हणजे २०१५ च्या दुरुस्तीनंतर तुमचं खातं जिथल्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात तक्रार चालते. नाशिकच्या माणसाने सोलापूरला खेपा घालायला नकोत. दिवाणी दाव्याला बहुतेकदा प्रतिवादी राहतो तिथे जावं लागतं.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आरोपीने गुन्हा नाकबूल केल्यावर चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम, म्हणजे निकालाआधीची, भरपाई मागता येते, पण ती द्यायची की नाही हे कोर्ट ठरवतं. अर्ज केला की मिळालीच असं नाही. आणि कायद्यात सहा महिन्यांत खटला संपवायचा प्रयत्न करावा असं लिहिलेलं असलं, तरी समन्स 'घर बंद' असा शेरा घेऊन दोन-तीनदा परत येतं, मग जामीनपात्र वॉरंट, मग तारखा.

समरी सूटमध्ये तुरुंगाची भीती नाही, पण त्याची मांडणी मला जास्त आवडते. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीने हजर व्हायचं आणि पुढच्या टप्प्यावर बचाव करण्यासाठी कोर्टाची परवानगी मागायची. बचाव पोकळ वाटला तर परवानगी नाकारून सरळ डिक्री, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा हुकूम; शंकास्पद वाटला तर "आधी पैसे कोर्टात भरा, मग लढा". इथे व्याजही मागता येतं. डिक्रीची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते, आणि देणेकरी वारला तरी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसुली होते. आरोपी वारला की १३८ चा खटला संपतो.

दुखणं आहे ते दरखास्तीत, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीत. डिक्री हातात, बेलिफ दारात, आणि घर निघतं बायकोच्या नावावर. म्हणून निवड करताना आधी बघा, समोरच्याकडे गमावण्यासारखं काय आहे? सरकारी नोकरी असेल तर १३८ पुरते. दोषी ठरण्याच्या भीतीनेच तो तडजोडीला येतो. स्वतःच्या नावावर सातबारा किंवा फ्लॅट असेल आणि रक्कम मोठी असेल, तर दिवाणी दावाही लावा, आणि मालमत्ता विकायच्या हालचाली दिसल्या तर निकालाआधीच जप्तीचा अर्ज द्या. दोन्ही एकाच वेळी चालतात, पैसे मात्र दोनदा मिळत नाहीत. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्याशी लोक अदालतीत हप्ते बांधून घ्या. तिथला निवाडा दिवाणी डिक्रीसारखा वसूल करता येतो, त्यावर अपील नाही, आणि दिवाणी दावा तिथे मिटला तर कोर्ट फी परत मिळते.

तुम्ही परवान्याशिवाय व्याजाने पैसे फिरवत असाल, तर २०१४ चा सावकारी कायदा आडवा येईल. ते वकिलापासून लपवू नका.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती मुदतीत. १३८ चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याची तीन वर्षं थांबत नाहीत. परतफेडीची तारीख ठरली नसेल तर ती पैसे दिल्या दिवसापासूनच मोजा. चेकमुळे मुदत वाढलीय का, हा वाद वकिलाला घालू द्या. फौजदारीचा निकाल विरुद्ध गेल्यावर चौथ्या वर्षी फाइल घेऊन आलात, तर आमच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.