सूर्यफुलाच्या बिया मोजणारी कार्यशाळा : एक अभिप्राय

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पुण्यात झालेल्या, निसर्गातील आकार आणि आकृतिबंध या विषयावरच्या एकदिवसीय कार्यशाळेला मी नववीत शिकणाऱ्या पुतणीसह उपस्थित होतो. शुल्क माणशी 1,200 रुपये, वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाच आणि प्रवेश फक्त चोवीस जणांना. आयोजकांना माझे मत मी स्वतंत्रपणे कळवले आहे. येथे त्यांचे नाव देत नाही, कारण हे लेखन अशा प्रकारची कोणतीही कार्यशाळा निवडताना काय पाहावे, हे ठरवणाऱ्यांसाठी आहे. या विषयावर सुंदर चित्रे दाखवून 'सर्वत्र सुवर्ण गुणोत्तर (सुमारे 1.618 हे प्रमाण) आहे' असे सांगणारी व्याख्याने मी यापूर्वी ऐकली आहेत. शाळेत गणित शिकवणारा माणूस म्हणून त्यांतून मी दर वेळी अस्वस्थ होऊन परतलो. या कार्यशाळेचे मोल मला वाटले ते यासाठी की, येथे कोणताही सिद्धान्त सांगण्यापूर्वी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने मोजायला लावले.

सुरुवात अननसाने झाली. प्रत्येक जोडीला एक अननस आणि तीन रंगांच्या टाचण्या दिल्या होत्या. अननसाचे डोळे तिरप्या रांगांत बसलेले असतात हे सर्वांना ठाऊक असते, पण एका दिशेने जाणाऱ्या रांगा किती आणि उलट दिशेने जाणाऱ्या किती, हे मोजायचे म्हटले की पहिली रांग कोणती होती हेच विसरायला होते. टाचण्या त्यासाठी होत्या. आमच्या अननसावर एका दिशेने 8 आणि दुसऱ्या दिशेने 13 रांगा आल्या. शेजारच्या जोडीलाही तेच आकडे मिळाले. मग चिडाचे शंकू आले आणि त्यांच्यावर 5 व 8 किंवा 8 व 13 मिळू लागले. शेवटी लातूरकडच्या शेतातून आणलेली सूर्यफुलाची वाळलेली मोठी फुले आली. ही मोजणी कष्टाची होती आणि तिला पाऊण तास लागला. बहुतेकांना 34 आणि 55 मिळाले, एका गटाला 21 आणि 34. हे सारे आकडे 1, 1, 2, 3, 5, 8, 13, 21, 34, 55 या फिबोनाची मालिकेतले, जिच्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते.

एका गटाला मात्र 29 आणि 47 हे आकडे आले. त्यांनी दोनदा मोजले, मार्गदर्शकांनी स्वतः तिसऱ्यांदा मोजले आणि आकडे तेच राहिले. या प्रसंगी मार्गदर्शकांनी जे केले त्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो. फूल बाजूला न ठेवता त्यांनी ते आकडे फळ्यावर लिहिले आणि सांगितले की 1, 3, 4, 7, 11, 18, 29, 47 ही लुकास संख्यांची मालिका आहे, तिच्यातही प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते आणि अशी फुले निसर्गात खरोखर सापडतात. मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयाने 2012 मध्ये लोकांना सूर्यफुले लावून मोजायला सांगितले होते. त्यातून मिळालेल्या 657 फुलांच्या नोंदी 2016 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत फिबोनाची संख्या बहुसंख्य होत्या, पण लुकास संख्या आणि कोणत्याच मालिकेत न बसणारे आकडेही होते. नियम आणि अपवाद एकाच टेबलावर ठेवून शिकवण्याची ही पद्धत आपल्या प्रयोगवह्यांत क्वचित दिसते, कारण तेथे उत्तर आधीच ठरलेले असते.

यानंतरचा छंदशास्त्राचा भाग मला अनपेक्षित होता आणि दिवसभरात सर्वाधिक आनंद त्यानेच दिला. लघू म्हणजे एक मात्रा आणि गुरू म्हणजे दोन मात्रा, हे शाळेत वृत्ते शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. चार मात्रांची ओळ लघू आणि गुरू वापरून किती प्रकारे भरता येईल, असा प्रश्न विचारला गेला. दोन गुरू हा एक प्रकार, दोन लघू आणि एक गुरू यांचे तीन प्रकार, चार लघू हा एक प्रकार, असे एकूण पाच प्रकार होतात. पाच मात्रांसाठी आठ, सहा मात्रांसाठी तेरा. कारण सरळ आहे : ओळीच्या शेवटी लघू असेल तर आधी एक मात्रा कमी असलेली ओळ उरते, गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली, म्हणून आधीच्या दोन संख्यांची बेरीज करावी लागते. हेमचंद्र या जैन पंडिताने हा नियम सुमारे 1150 मध्ये, म्हणजे फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या 1202 च्या ग्रंथाच्या आधी, स्पष्टपणे मांडला होता आणि विरहांक या छंदशास्त्रकाराने तो त्याच्याही कित्येक शतके आधी दिला होता. मार्गदर्शकांनी हे सांगताना कोणताही अभिनिवेश ठेवला नाही आणि हेमचंद्राला सूर्यफुलाशी बळेच जोडलेही नाही, हे मला विशेष भावले.

दुपारच्या जेवणापूर्वीचा तास पर्णविन्यासाच्या, म्हणजे रोपावर पाने व बिया ज्या रचनेत बसतात तिच्या, कारणांना दिला होता. आम्हाला मोठा आलेखकागद, कोनमापक आणि कोनांचा तयार तक्ता मिळाला. केंद्रापासून प्रत्येक ठिपक्याचे अंतर त्याच्या क्रमांकाच्या वर्गमुळाइतके घ्यायचे आणि आधीच्या ठिपक्यापासून 137.5 अंश वळायचे, हे वोगेल या संशोधकाने 1979 मध्ये मांडलेले सूत्र. तक्ता आवश्यक होता, कारण प्रत्येक कोन मागच्या ठिपक्यापासून मोजला असता तर अर्ध्या अंशाची चूक शंभराव्या ठिपक्यापर्यंत साचत गेली असती. पुतणीने 137.5 चा कोन घेतला आणि मी मुद्दाम 120 चा. माझ्या कागदावर तीन सरळ रेषा उमटल्या व त्यांच्यामध्ये जागा वाया गेली. तिच्या कागदावर शंभर ठिपक्यांत सूर्यफूल दिसू लागले आणि कडेला 13 व 21 वळणे मोजता आली. वळणाचा कोन पूर्ण वर्तुळाचा साधा अपूर्णांक असला की ठिपके रेषांत अडकतात. साध्या अपूर्णांकांनी ज्याच्या जवळ जाणे सर्वांत कठीण असते तो 137.5 अंशांचा कोन सुवर्ण गुणोत्तरातून येतो, म्हणून त्यात ठिपके सर्वांत समान पसरतात.

रोप मात्र हे गणित करत नाही आणि हा मुद्दा नीट समजावला गेला. प्रत्येक नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून जिथे सर्वांत मोकळी जागा असेल तिथे उगवतो, असे हॉफमायस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1868 मध्येच लिहून ठेवले होते. 1992 मध्ये दुआदी आणि कुदे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी तेल भरलेल्या तबकडीच्या मध्यभागी चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक कालांतराने सोडले. थेंब एकमेकांना दूर लोटत कडेकडे सरकत गेले. थेंब सावकाश सोडले तेव्हा ते समोरासमोर बसले आणि वेग वाढवल्यावर त्यांच्यातला कोन 137.5 अंशांकडे झुकला. त्या तबकडीत जीव नव्हता, तरी आकृतिबंध तोच होता. रोपात हे एकमेकांना दूर ठेवण्याचे काम ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाच्या वाटपातून घडते.

जेवणानंतर शंखाची पाळी आली. नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या शंखाचा व्यापार 2017 पासून आंतरराष्ट्रीय निर्बंधांखाली असल्यामुळे खऱ्या शंखाऐवजी उभ्या छेदाचे मोठे छायाचित्र दिले होते, हे योग्यच झाले. केंद्रापासून कडेपर्यंतचे अंतर एका पूर्ण वळणानंतर किती पट होते, ते पट्टीने मोजायचे होते. सर्वांची उत्तरे तीनच्या आसपास आली. दर पाव वळणाला 1.618 पट वाढणाऱ्या सुवर्ण सर्पिलात ते जवळजवळ 6.85 पट व्हायला हवे. म्हणजे असंख्य भित्तिपत्रकांवर सुवर्ण गुणोत्तराचा नमुना म्हणून छापला जाणारा हा शंख तसा नाहीच. तो लघुगणकीय सर्पिल आहे, म्हणजे प्राणी वाढत असताना शंखाचा आकार मोठा होतो पण रूप बदलत नाही, आणि ही गोष्ट स्वतःच पुरेशी अद्भुत आहे. डार्सी थॉम्पसन या स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञाने वाढ आणि आकार यांवरच्या 1917 च्या ग्रंथात हे विस्ताराने मांडले आहे.

पोळ्याच्या सत्राबद्दल माझी तक्रार आहे. लाकडी पेटीतले सातेरी माश्यांचे रिकामे पोळे हातात घेऊन पाहता आले आणि समान क्षेत्रफळाच्या भागांत प्रतल विभागताना षट्कोनांना सर्वांत कमी भिंत लागते, हे हेल्स या अमेरिकन गणितज्ञाने 1999 मध्ये सिद्ध केल्याचेही अचूक सांगितले गेले. परंतु सुरुवातीला गोल असलेल्या घरांचे मेण उबेने वितळून आपोआप षट्कोन होते, हे विधान ठाम सत्य म्हणून मांडले गेले. ही मांडणी 2013 मधल्या एका अभ्यासातून चर्चेत आली आणि तिच्यावर मतभेद आहेत, कारण माश्या भिंती स्वतः तासतात व घडवतात असे निरीक्षणही आहे. सकाळी लुकास संख्यांबाबत दाखवलेली सावधगिरी येथे दिसायला हवी होती. भेगाळलेल्या चिखलाचे सत्र त्या मानाने छोटे असूनही नेमके होते : पहिल्यांदा वाळताना भेगा काटकोनात मिळतात, तर वारंवार भिजून वाळलेल्या चिखलात त्या 120 अंशांकडे सरकतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवरचे बेसाल्ट या लाव्हाच्या खडकाचे स्तंभही थंड होताना आक्रसण्यातूनच घडले, हा धागा चांगला जोडला.

सर्वांत मोठी उणीव शेवटच्या सत्रात होती. अ‍ॅलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने 1952 मध्ये मांडलेली कल्पना, म्हणजे स्वतःला वाढवणारे एक रसायन आणि त्याहून वेगाने पसरून त्याला आवर घालणारे दुसरे रसायन यांच्या ओढाताणीतून ठिपके व पट्टे तयार होतात, ही या विषयाचा कणा आहे. कोंडो आणि असाई यांनी 1995 मध्ये एका समुद्री माशाच्या अंगावरचे पट्टे तो वाढताना या गणिताप्रमाणे सरकतात, हे दाखवले. बिबट्याच्या अंगावर ठिपके असूनही शेपटीच्या टोकाला कडी का दिसतात, याचेही उत्तर यातूनच मिळते : निमुळत्या, अरुंद नळीवर ठिपक्यांना मावायला जागा नसते. इतक्या समृद्ध विषयाला चाळीस मिनिटे दिली गेली आणि तीही पडद्यावरच्या चित्रफितींसाठी. दिवसभर हातांनी काम केलेल्या मुलांचे लक्ष तेथे उडाले. ट्युरिंगने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत सूर्यफुलांच्या वळणांवरही काम केले होते, तेव्हा त्याला सकाळच्याच सत्रात आणून दुपारी चौकटीच्या कागदावर ठिपके भरण्याचा साधा खेळ घेता आला असता.

सोबतची चोवीस पानी पुस्तिका स्वच्छ मराठीत आहे व पारिभाषिक शब्द सांभाळून वापरले आहेत, मात्र आकृत्या कृष्णधवल छापल्यामुळे वळणांचे रंग ओळखता येत नाहीत. आठवीपेक्षा लहान मुलांना वर्गमुळाच्या सत्रात अडचण येईल. मोठ्या माणसांनी एकट्याने जाण्यापेक्षा जोडीने जावे, कारण सूर्यफूल मोजताना एकाला टाचणी धरावी लागते आणि दुसऱ्याला आकडा.