सुबारू इंजिन विमानात बसवण्याचा संच: पट्टा चोख, बाकी बेताचे

घरी बांधलेल्या दोन आसनी विमानासाठी सुबारू मोटारीच्या समोरासमोर सिलिंडर असलेल्या २.२ लिटर इंजिनाला जोडायचा संच मी एका लहान उत्पादकाकडून घेतला. त्यात वेग उतरवणारी पट्ट्याची यंत्रणा, इंजिन विमानाला बसवायचा सांगाडा, रेडिएटर आणि वायरिंग येते. इंजिन आपले आपण मिळवायचे.

इंजिनाविषयी तक्रार नाही. मात्र ते पूर्ण ताकद मिनिटाला ५,४०० फेऱ्यांच्या आसपास देते, आणि त्या गतीने १.८ मीटरचा प्रोपेलर थेट फिरवला तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५०० मीटरवर, म्हणजे ध्वनीच्याही बराच पुढे जाईल. गोंगाट वाढेल आणि ओढ मिळणार नाही. फोक्सवॅगनचे जुने, हवेने थंड होणारे इंजिन प्रोपेलर थेट फिरवते खरे, पण तिथे लहान प्रोपेलर आणि कमी ताकद पत्करावी लागते. म्हणून या संचाची खरी किंमत पट्ट्याच्या यंत्रणेत आहे, आणि ती चोख आहे. रुंद दातेरी पट्टा वेग निम्म्यावर आणतो, त्याला गिअरसारखे तेल लागत नाही, आणि सिलिंडरांच्या ठोक्यांनी क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, बसणारे पिळाचे हिसके तो काही अंशी पचवतो. ताण तपासण्याची जागा तेवढी अडचणीची आहे. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, उतरवल्याशिवाय बोट पोचत नाही.

रेडिएटर आकाराने पुरेसा असूनही तो काउलिंगच्या तोंडामागे नुसता बोल्टने आवळला आहे. हवा हळूहळू रुंदावत जाणाऱ्या नळीतून आली, की मंदावते, तिचा दाब वाढतो आणि ती जाळीतून नीट पार होते. इथे ती कडेच्या फटींतून निसटते आणि चढाईत पाण्याच्या तापमानाचा काटा वर सरकत राहतो. पत्र्याची नळी करून फटी बुजवल्यावर तो जागेवर राहिला. हे काम उत्पादकाचे होते.

वायरिंग मला सर्वांत खटकले. विमानाच्या पारंपरिक इंजिनात बहुधा दोन मॅग्नेटो असतात; ते इंजिनाच्या फिरण्यातून स्वतःच वीज तयार करतात आणि बॅटरीशिवाय ठिणगी देतात. इथे ठिणगी, इंधनाची फवारणी आणि इंधन पंप हे सगळेच विजेवर, तरीही बॅटरी एक, पंप एक, वीज जोडणारा-तोडणारा मुख्य रिलेही एकच. दुसरी बॅटरी आणि दुसरा पंप जादा पैशांचे ऐच्छिक सामान म्हणून विकणे मला मुळीच पटत नाही.

पट्ट्याची यंत्रणा सुटीही मिळते. रेडिएटर आणि वायरिंग ज्याला स्वतः करता येत असेल, त्याने तेवढीच घ्यावी.