निम्म्या किमतीची पाच नंबरची जर्सी

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबची, पाठीवर ‘मॅग्वायर ५’ असे छापलेली लाल जर्सी मी ऑगस्ट २०२२ मध्ये कोल्हापुरातील एका क्रीडासाहित्याच्या दुकानातून ३५० रुपयांना घेतली. गेली तीन वर्षे आठवड्यातून किमान दोनदा ती माझ्या अंगात असते, त्यामुळे तिच्याविषयी चार शब्द लिहायला हरकत नसावी. ही अधिकृत जर्सी नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाजारात जिला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात त्यातली ती आहे, तेव्हा अधिकृत मालाची माहिती शोधत आलेल्यांनी इथेच थांबलेले बरे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे. तिचे निवारणही त्याच दुकानदाराने केले, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवायला हवे.

त्या दिवशी दुकानात युनायटेडच्या ज्या जर्सी टांगलेल्या होत्या त्या सगळ्या मागच्या, म्हणजे २०२१-२२ च्या हंगामातल्या होत्या आणि त्यांचा भाव सरसकट ७०० रुपये होता. रोनाल्डोच्या नावाचे मोठे साइज संपले होते, ब्रुनो फर्नांडिसचे दोन नग शिल्लक होते, आणि मॅग्वायरचा गठ्ठा मात्र अजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून बाहेरही काढलेला नव्हता. मी किंमत विचारली तेव्हा दुकानदाराने त्यातली एक जर्सी उलटी करून तिची पाठ माझ्यासमोर धरली. “दादा, आधी नाव बघून घ्या. मॅग्वायर हाय. पायजे तर निम्म्यात न्या, पर परत आणायची न्हाई.” कापड तेच, शिलाई तीच, छपाईही एकाच यंत्रावरची, आणि तरी सात इंग्रजी अक्षरांपायी किंमत निम्मी, हा हिशेब मला इतका रोखठोक वाटला की मी घासाघीस न करता पैसे काढून दिले. सकाळी मैदानावर मीही मागच्या फळीतच खेळतो, त्यामुळे क्रमांकाची अडचण नव्हती.

या सवलतीमागचे कारण दुकानात कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. हॅरी मॅग्वायरला युनायटेडने ऑगस्ट २०१९ मध्ये लेस्टर सिटीकडून ८ कोटी पौंडांना घेतले, तेव्हा कोणत्याही बचावपटूसाठी तोवर एवढी रक्कम मोजली गेली नव्हती. पाच महिन्यांत तो कर्णधार झाला. २०२१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडकडून युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने मारलेल्या पेनल्टीने जाळीतला कॅमेरा फुटला. इंग्लंड हरले, पण स्पर्धेच्या निवडक संघात त्याचे नाव होते. त्यानंतरचा हंगाम मात्र सर्वस्वी विस्कटला. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी लिव्हरपूलने ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन युनायटेडला ५-० असे धुतले आणि मध्यंतरालाच चार गोल झालेले पाहून घरचे प्रेक्षक उठून जाऊ लागले. नोव्हेंबरमध्ये अल्बानियाविरुद्ध गोल केल्यावर मॅग्वायरने कानांशी हात नेऊन टीकाकारांना डिवचले, आणि आठच दिवसांनी वॉटफर्डविरुद्ध लाल कार्ड घेऊन तो मैदानाबाहेर गेला. तो सामना ४-१ असा गमावल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक ओले गुनार सोल्शायर यांची उचलबांगडी झाली. हंगाम संपला तेव्हा इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये युनायटेडचे ५८ गुण होते आणि जितके गोल केले तितकेच, म्हणजे ५७, खाल्ले होते. मार्च २०२२ मध्ये वेम्बलीवर आयव्हरी कोस्टविरुद्धच्या सामन्यात तर त्याचे नाव पुकारताच इंग्लंडच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मी जर्सी घेण्याच्या आदल्या शनिवारी ब्रेंटफर्डने पहिल्या पस्तीस मिनिटांत युनायटेडवर चार गोल चढवले होते, तेव्हा दुकानदाराने निम्मे पैसे तरी कशाचे मागितले, असे आमच्या मैदानावरच्या एकाने मला विचारले.

आता वस्तूकडे वळतो. कापड डॉट-निट पॉलिस्टरचे आहे आणि त्यात वारा खेळतो. पावसाळ्यात भिजले की अंगाला चिकटते, पण पंख्याखाली दोन तासांत खडखडीत वाळते. बगलेतली ओव्हरलॉकची शिलाई एकदाच उसवली, ती घरी सुईदोऱ्याने घातली. गळ्याची पांढरी पट्टी तिसऱ्या धुण्यात गुलाबीसर झाली आणि तशीच राहिली. छातीवरचे क्लबचे चिन्ह भरतकामाचे असल्यामुळे टिकले आहे, मात्र त्याच्या आतल्या बाजूचा खरखरीत तुकडा उघड्या अंगाला टोचतो, म्हणून आत बनियन हवेच.

खरी तक्रार छपाईची आहे. नाव आणि आकडा व्हिनाइलचा असून तो हीट प्रेसने कापडावर दाबून बसवलेला आहे. अशी छपाई कोमट पाण्यात, जर्सी उलटी करून धुतली तर चालते. आमच्याकडे ती इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेली. वर्षभरात पाचाच्या आकड्याला भेगा पडल्या आणि शेवटचे ‘ई’ हे अक्षर खालच्या टोकाकडून सुटून कपड्याच्या क्लिपसारखे उभे राहू लागले. हेडर मारायला उडी घेतली की ते मानेवर खाजत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये, दसऱ्याच्या दोन दिवस आधी, मी ती जर्सी घेऊन पुन्हा त्या दुकानात गेलो. परत आणायची नाही या अटीवर घेतलेला माल असल्याने फारशी आशा नव्हती. दुकानदाराने जर्सी ओळखली, “अजून घालताय व्हय हे?” असे विचारले, यंत्राच्या पाटावर ती पसरली, सुटलेल्या अक्षराखालची माती जुन्या टूथब्रशने झाडली, वर बटर पेपर ठेवला आणि झाकण दाबून तोंडाने पंधरापर्यंत आकडे मोजले. अक्षर बसले, किंचित तिरके बसले. पैसे घेतले नाहीत. त्या गठ्ठ्यातले किती नग खपले असे विचारल्यावर त्याने माळ्याकडे बोट दाखवले.

तोवर खुद्द मॅग्वायरचीही गत त्या गठ्ठ्यासारखीच झाली होती. २०२२-२३ च्या हंगामात लीगमध्ये त्याला फक्त ८ सामने सुरुवातीपासून मिळाले. जुलै २०२३ मध्ये युनायटेडचे प्रशिक्षक एरिक टेन हाग यांनी कर्णधारपद काढून घेतले, आणि ३ कोटी पौंडांना वेस्ट हॅमकडे जाण्याचा व्यवहारही फिसकटला. सप्टेंबरमध्ये ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर तो इंग्लंडकडून मध्यंतरानंतर उतरला, तेव्हा त्याच्या प्रत्येक साध्या पासला स्कॉटिश प्रेक्षकांनी उपरोधाने जल्लोष केला. त्यात त्याच्याकडून स्वयंगोल झाला. इंग्लंड ३-१ असे जिंकले, पण सामन्यानंतर प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट मॅग्वायरला मिळणाऱ्या वागणुकीवर उघड संतापले. वारे इथून फिरायला लागले असे माझे मत आहे. आमच्या शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या खेळाडूला मनसोक्त शिव्या घालणे हा पाठीराख्याचा हक्कच समजला जातो, परंतु त्याच शिव्या समोरच्या गॅलरीतून आल्या की त्या खेळाडूचा एकदम भाऊ होतो. हॅम्पडनवर थट्टेचा कळस झाला आणि आजवर स्वतः थट्टा करणाऱ्यांनाच ती खटकली.

अर्थात सहानुभूतीने कोणी संघात घेत नाही. युनायटेडचा दुसरा बचावपटू लिसांद्रो मार्टिनेझ जखमी झाला म्हणून मॅग्वायरला जागा मिळाली. २४ ऑक्टोबर २०२३ हा दसऱ्याचा दिवस होता. संध्याकाळी दसरा चौकातून परतताना खिशात राहिलेली आपट्याची पाने तशीच टेबलावर ठेवून मी रात्री साडेबाराला, दुरुस्त करून आणलेली जर्सी घालून कोपनहेगनविरुद्धचा सामना पाहायला बसलो. बॉबी चार्ल्टन यांना जाऊन तीनच दिवस झाले होते आणि ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांना श्रद्धांजली वाहून सामना सुरू झाला होता. ७२ व्या मिनिटाला एरिक्सनच्या क्रॉसवर मॅग्वायरने हेडर मारला, भरपाई वेळेच्या अगदी शेवटी गोलरक्षक आंद्रे ओनानाने पेनल्टी अडवली आणि युनायटेड १-० असे जिंकले. लिव्हरपूलविरुद्धच्या त्या ०-५ ला त्या दिवशी बरोबर दोन वर्षे होत होती. पुढच्या महिन्यात लीगच्या तिन्ही सामन्यांत युनायटेडने एकही गोल खाल्ला नाही आणि प्रीमियर लीगचा नोव्हेंबरचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मॅग्वायरची निवड झाली.

या पुनरागमनाविषयी बरेच भाबडे लिहिले गेले, म्हणून थोडी भर घालतो. मॅग्वायर बदलला नाही. १.९४ मीटर उंचीचा हा माणूस २०२१ मध्येही वळताना रेल्वेच्या डब्यासारखा वळत असे आणि आजही तसाच वळतो. बचावफळी मैदानाच्या मध्यापर्यंत पुढे नेली आणि पाठीमागे मोकळी जागा सोडली की वेगवान आघाडीवीर त्याला उघडा पाडतात. प्रतिस्पर्ध्याची चाल पेनल्टी क्षेत्राच्या आसपास झेलायची असेल, चेंडू हवेतून येणार असेल, तर त्याच्याइतका भरवशाचा गडी युनायटेडकडे क्वचितच होता. वाईट हंगामात त्याच्यावरची टीका अवाजवी झाली असेल, खोटी मात्र नव्हती. त्याच्या बाजूने मी मोठी मानतो ती गोष्ट वेगळी आहे. कर्णधारपद गेल्यावर त्याने तोंड वाकडे केले नाही, आणि कानांशी हात नेण्याचा तो आविर्भावही मागे पडला.

घानाच्या संसदेतील खासदार आयझॅक अडोंगो यांनी २०२२ च्या अर्थसंकल्पीय चर्चेत उपराष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक कारभाराची तुलना मॅग्वायरच्या बचावाशी केली होती, स्वतःच्याच गोलात चेंडू मारणारा म्हणून. वर्षभराने त्याच सभागृहात उभे राहून त्यांनी मॅग्वायरची माफी मागितली, आणि त्यानेही ती समाजमाध्यमावर हसतमुखाने स्वीकारली. चेष्टेला चेष्टेनेच उत्तर देण्याची ही रीत प्रेक्षकांना भावली असावी, कारण त्याच्या मोठ्या डोक्यावरून होणारे विनोद थांबले नाहीत, फक्त त्यांतला कडवटपणा गेला. लेस्टरमधला जुना सहकारी जेमी व्हार्डीने दिलेले ‘स्लॅबहेड’, म्हणजे लादीसारख्या डोक्याचा, हे नाव तर तो स्वतःच मिरवतो.

आणि ते डोकेच कामी आले. १७ एप्रिल २०२५ ला युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सच्या ल्योंने जादा वेळेत ४-२ अशी आघाडी घेतली, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे तीन वाजत आले होते आणि मी टीव्ही बंद करायला उठलोही होतो. प्रशिक्षक रुबेन अमोरिम यांनी मॅग्वायरला आघाडीवीर म्हणून पुढे धाडले होते. ब्रुनोने पेनल्टीवर एक गोल फेडला, १२० व्या मिनिटाला कोबी मेनूने बरोबरी साधली, आणि पुढच्याच मिनिटाला कासेमिरोने उचललेल्या चेंडूवर मॅग्वायरने डोके लावले. ५-४, दोन्ही सामने मिळून ७-६. उपांत्य फेरीत बिल्बाओमध्ये तर हा गडी उजव्या बाजूने विंगरसारखा बचावपटूला चकवत आत घुसला आणि त्याच्या क्रॉसवरून पहिला गोल झाला. अंतिम सामना युनायटेड टॉटनहॅमकडून हरले आणि लीगमध्ये १५ वे आले, हेही विसरता येत नाही; खेळाडूने मने परत जिंकली तरी संघ तितकाच वाईट राहू शकतो.

ल्योंच्या सामन्यानंतर आठवड्याने माझ्या पुतण्याला पाच नंबरचीच जर्सी हवी झाली. माळ्यावरचा गठ्ठा संपला होता. नवी जर्सी नावासकट ७५० रुपये पडली, सूट मागितली तर दुकानदाराने माझ्याकडे असे पाहिले की मी विषय वाढवला नाही. छपाईला तीन दिवस लागतील असे सांगून त्याने आठ दिवस लावले आणि पहिल्या खेपेला नावातला ‘यू’ गाळून ठेवला. चूक मान्य करून दुसरी जर्सी दिली, पण तिसरी फेरी माझ्याच पेट्रोलवर झाली.

कापडाला मी पाचपैकी तीन गुण देईन, छपाईला दोन आणि दुरुस्तीला साडेचार. २०२५ च्या नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर ८४ व्या मिनिटाला मॅग्वायरच्याच हेडरने युनायटेड २-१ असे जिंकले, जानेवारी २०१६ नंतर तिथे पहिल्यांदाच. सकाळी अभ्यंगस्नान झाल्यावर मी हीच जर्सी घातली आणि दिवाळीच्या दिवशी असला विटका सदरा घालतात का म्हणून आईची बोलणी खाल्ली. घेणाऱ्यांसाठी इतकेच, की ‘एल’ मापाची जर्सी धुण्याने आखडत नाही, पण खांद्यात मुळातच अरुंद आहे, तेव्हा एक माप मोठे घ्यावे आणि नाव छापताना यंत्रासमोर स्वतः उभे राहून अक्षरे मोजावीत.