महाभियोग की इन-हाऊस चौकशी? जजवर आरोप झाल्यावर कुठला रस्ता बरा

हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाच्या जजवर गैरवर्तनाचे आरोप झाले की आपल्याकडे मुख्य रस्ते दोनच, एक महाभियोग, म्हणजे संसदेने जजला पदावरून काढणं, आणि दुसरी १९९९ पासूनची इन-हाऊस चौकशी, म्हणजे जजांनीच आपल्यातल्या जजची चौकशी करणं.

महाभियोग उघड चालतो हे त्याचं बळ, पण लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० खासदारांच्या सह्या, मग कमिटी, मग दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं, एवढं जमायचं कधी? १९९३ ला सुप्रीम कोर्टाचे जज रामस्वामींना कमिटीने दोषी धरलं तरी कित्येक खासदारांनी मतच दिलं नाही, ठराव पडला. २०११ ला कलकत्ता हायकोर्टाचे जज सौमित्र सेन यांनी लोकसभेत मतदान होण्याआधीच राजीनामा दिला.

इन-हाऊस लवकर आटपते पण सगळं बंद दाराआड. २०१९ मध्ये कोर्टातल्याच एका माजी महिला कर्मचाऱ्याने सरन्यायाधीशांवर लैंगिक छळाची तक्रार केली, समोर तीन जज आणि ही एकटी, वकील सोबत नेऊ दिला नाही म्हणून ती उठून बाहेर पडली, तरी चौकशी पुढे चालली, आरोपांत तथ्य नाही असं ठरलं आणि रिपोर्ट तिलाही दिला नाही. हे वाचून अजून राग येतो.

मला विचाराल तर सुरुवात इन-हाऊसनेच व्हावी, पण तक्रारदाराला वकील आणि रिपोर्टची कॉपी मिळालीच पाहिजे.