सात महिने स्क्विड प्रॉक्सी: सगळं अडलं ते चार एमबीवर

गेल्या आठवड्यात दोन तास लाइट गेली. आली तेव्हा क्लासमधले आठही पीसी सुरू झाले, पण नेट एकावरही नाही. प्रॉक्सीशी जोडणी होत नाही, एवढाच मेसेज. आमचं नेट स्क्विड नावाच्या प्रॉक्सी प्रोग्रॅममधून जातं: तो सगळ्या पीसींच्या मागण्या स्वतः नेटवर नेतो आणि आलेल्या फाइल साठवून (कॅश) ठेवतो, म्हणजे तीच फाइल दुसऱ्याने मागितली तर परत उतरवावी लागत नाही. स्टोअररूममध्ये जाऊन प्रॉक्सीच्या जुन्या मशीनचं बटण दाबलं, पंखा फिरला, पुढे काही नाही. मॉनिटर नेऊन लावला तेव्हा दिसलं: मदरबोर्डवरचा सेल संपला होता आणि मशीन 'एफ१ दाबा' म्हणून थांबलं होतं. दाबायला कीबोर्डच जोडलेला नव्हता. सेल बदलला, नेट आलं. स्क्विडची यात काही चूक नाही.

स्क्विड इन्स्टॉल करणं एका कमांडचं काम आहे, पीसींनी जोडायचा पोर्ट ३१२८. पण दुसऱ्या पीसीवरून पहिली चाचणी घेतली की ४०३ (परवानगी नाही) येणारच, कारण डेबियन या लिनक्सच्या पॅकेजमध्ये सुरुवातीला फक्त त्याच मशीनला परवानगी असते. मी परवानगीची ओळ लिहिली ती 'डिनाय ऑल' (सगळ्यांना नकार) या ओळीच्या खाली. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की तिथेच निकाल लागतो. हे समजायला दोन संध्याकाळी गेल्या.

प्रॉक्सी बसवला तो डेटा वाचवायला. पहिल्या महिन्यात लॉग (प्रत्येक मागणीची नोंद) उघडला की ओळीमागून ओळ 'टीसीपी टनेल', म्हणजे न उघडता नुसतं पुढे पाठवलं. एचटीटीपीएसचं (कूटबद्ध) पान प्रॉक्सीला बंद पाकिटासारखं असतं: कुठे जातंय ते कळतं, आत काय आहे ते नाही, मग साठवणार काय? प्रत्येक पीसीवर आपलं सर्टिफिकेट टाकून पाकीट फोडता येतं. पण मुलं तिथे स्वतःचे मेल उघडतात, मी ते करणार नाही. तेव्हा दोघा मित्रांना सांगितलं होतं, डेटासाठी याच्या नादी लागू नका.

तो सल्ला आता मागे घेतो. आमच्या सगळ्या पीसींवर लिनक्स मिंट आहे आणि त्याची अपडेट साध्या एचटीटीपीवरून येतात. पॅकेजची सही वेगळी तपासली जाते, त्यामुळे ती साठवण्यात धोका नाही. एकाने उतरवलं की बाकी सातांना घरातूनच मिळायला हवं. छोटी पॅकेजेस मिळायचीही. कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि फायरफॉक्स मात्र दर वेळी 'मिस', म्हणजे साठ्यात नाही, पुन्हा नेटवरून.

कारण, साठवायच्या फाइलची मर्यादा मुळात ४ एमबी असते. जी फाइल साठवली तर खरा फायदा, नेमकी तीच बाहेर राहते. ५१२ एमबी केली, तरी 'मिस'. तीन आठवडे मी हार्ड डिस्क, रॅम, केबल, सगळ्यांवर संशय घेतला. मर्यादेची ओळ 'कॅश डिर'च्या (डिस्कवरचा साठा कुठे ते सांगणारी ओळ) खाली होती, ती वर हवी. खाली असली तर त्या डिस्क कॅशला जुनेच ४ एमबी लागू राहतात आणि एररही येत नाही. एरर न देता गप्प बसणं मला अजून खटकतं. नवीन लावणाऱ्याने ही ओळ आधी बघावी.

रविवारी रात्री ओळ वर नेली, स्क्विड रीस्टार्ट केला, एका पीसीवर फायरफॉक्स अपडेट केला, मग दुसऱ्यावर. लॉगमध्ये 'टीसीपी हिट', म्हणजे साठ्यातून मिळालं, आणि पॅकेज काही सेकंदांत हजर! बायकोला उठवून दाखवलं.

वरचा डेटा प्लॅन घ्यायचा होता, तो रद्द केला. सेल बदलल्यावर बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग पुसल्या गेल्या होत्या. लाइट आली की आपोआप सुरू व्हायची सेटिंग परत लावलीय आणि एक जुना कीबोर्ड कायमचा जोडून ठेवलाय.